चाळीस आणि वर एक

माझ्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं याद्या चिकटवलेल्या असतात. महिन्याचं सामान, औषधं, गॅस कधी लावला, कॉलेजच्या ऑफिसातली राहिलेली कामं. काम झालं की रेघ मारायची, कागद भरला की काढून टाकायचा. गेली तेवीस वर्षं मी हे करते आहे. जुन्या यादीचं मला कधी काही वाटलेलं नाही. फक्त एक कागद मी काढलेला नाही. त्यावर सहा ओळींत बिनबोटांच्या हातमोज्यांची कृती आहे. तिसऱ्या ओळीत ‘टाके – ४०’ असं लिहिलेलं, चाळीस खोडलेले आणि वर लाल शाईनं एकेचाळीस केलेले.

ही खाडाखोड कशी झाली ते सांगते.

आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आमच्याकडे राहायला आली तेव्हा शहात्तर वर्षांची होती. तिनं लग्न केलेलं नव्हतं. मुलींच्या शाळेत शिवण आणि विणकाम शिकवून ती निवृत्त झाली आणि म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्येच, आमच्या घरापासून दोन क्रॉस, म्हणजे दोन आडव्या गल्ल्या, सोडून, दोन खोल्यांत एकटी राहत होती. काचबिंदूनं तिचा एक डोळा आधीच गेला होता आणि दुसरा चालला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जमेल तितकी राखायची. दोन वर्षं राखली. मग उरला तो उजेड आणि अंधार, आणि दारात कोणी उभं राहिलं तर त्याची सावली.

मी लगेच यादी केली. पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीला दोरी. गोळ्यांसाठी खणांचा डबा. साखरेच्या बरणीला एक रबरबँड, मिठाच्या बरणीला दोन. खुर्च्या एकदा ठेवल्या की हलवायच्या नाहीत, हलवेल त्याला चहा नाही. महिन्याभरात आत्याला घर पाठ झालं.

“तुझ्या घरात आंधळं होणं सोपं आहे,” ती म्हणाली. “सगळं मेलं जागच्या जागी.”

पण एक गोष्ट माझ्या कुठल्याच यादीत बसत नव्हती. आत्यानं विणणं सोडलं होतं.

श्रावणात ती माझ्या मुलासाठी स्वेटर विणत होती, पुढच्या भागावर वेण्यांचं डिझाइन असलेला. एका दुपारी एक टाका सुईवरून निसटला आणि पार खालपर्यंत उसवत गेला. तो तिला सापडेना. मी ऑफिसातून आले तेव्हा ती सुया मांडीवर ठेवून बसली होती. तिनं स्वेटर माझ्या हातात दिला, सुया पिशवीत घातल्या, पिशवीची नाडी ओढली आणि म्हणाली, “आयितु. झालं माझं.” आमच्या घरच्या मराठीत कन्नड असंच मध्ये येतं आणि बहुतेक वेळा शेवटचा शब्द त्याचाच असतो.

तेव्हापासून तिच्या हातांना काम उरलं नाही. ती पदराच्या निऱ्या घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. रेडिओ लावून दिला तरी निऱ्या चालूच. मी तिला मोठ्या सुया आणून दिल्या, जाड लोकर आणून दिली. तिनं हात लावून बाजूला ठेवल्या. जेवण कमी झालं. दुपारी झोपून राहायला लागली. मी बरंच काही दुरुस्त करू शकते, पण माणूस आतून आवरतं घ्यायला लागला तर काय करायचं ते मला कळत नव्हतं. मला त्याची भीती वाटत होती.

धनुर्मास सुरू व्हायला पंधरा-सोळा दिवस असताना फूलवाली फाटकाशी आली.

ही बाई आमच्या कोपऱ्यावरच्या बसथांब्याशेजारी फुलं विकायला बसते. धनुर्मासात देवळं पहाटेच उघडतात, म्हणून तो महिनाभर ती साडेचारलाच येते. म्हैसूरची थंडी उत्तरेकडच्या लोकांना हसण्यासारखी वाटेल, पण त्या वेळी पाण्यात भिजवलेली शेवंती आणि अबोली, केळीच्या ओल्या सोपटाचा दोरा आणि उघड्यावरचं बसणं, यात बोटं वाकत नाहीत. आणि गाठ तर बोटांनीच मारायची. पूर्ण हातमोजे घालून फुलं गुंफता येत नाहीत. आत्यानं हे बऱ्याच वर्षांपूर्वी पाहिलं आणि तिच्यासाठी मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत येणारे, पुढची बोटं मोकळी सोडणारे हातमोजे विणले. रोज पाण्यात असल्यामुळे ते एका वर्षात जायचे. मग दरवर्षी धनुर्मासाआधी नवा जोड. बदल्यात आत्याला रोज हातभर फुलं. हातभर म्हणजे कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, इथं त्याला मोळ म्हणतात.

“अज्जी, ई वर्ष ग्लौसु इल्लवा?” फूलवालीनं विचारलं. यंदा हातमोजे नाहीत का? तिनं जुना जोड हातातच घातला होता. अंगठ्यापाशी तो पार फाटलेला होता.

आत्या पायरीवर बसली होती. “इल्ल कणम्मा,” ती म्हणाली. “मुगितु.” नाही गं बाई, संपलं.

फूलवालीनं पाटीत हात घातला. अबोलीचा तुकडा आत्याच्या मांडीवर ठेवून गेली. आत्यानं तो केसात माळला नाही. मी तो संध्याकाळी पायरीवरून उचलला.

त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं, “हातमोजे मी विणणार. आत्या, तू सांग, मी लिहून घेते.”

“तुला येतं?” आत्या म्हणाली.

“सुलट-उलट येतं.”

“माझ्या शाळेतली सगळ्यात वाईट विद्यार्थिनी होतीस तू. रुमाल विणायला दिला तर त्रिकोण करून आणलास.”

“म्हणून तर लिहून घेते.”

नवरा म्हणाला, “आत्या, तुम्ही काळजी करू नका. आमच्या घरी यादी झाली की काम झालंच असं धरतात.”

आत्या हसली नाही, पण सांगायला लागली. दहा नंबरच्या सुया. चारपदरी लोकर. मग, “टाके चाळीस घाल, वर एक.” प्रत्येक ओळ एक सुलट, एक उलट, अशी शेवटपर्यंत. सात इंच झालं की टाके बंद कर. दोन कडा जोडून शीव, अंगठ्यासाठी दीड इंच मोकळं सोड. डावा-उजवा भेद नाही, आत-बाहेर भेद नाही. झालं.

मी लिहून घेतलं. आणि ‘वर एक’ गाळलं.

याचं कारण आमचं घराणं आहे. आम्ही मूळचे रंगारी. आजोबांपर्यंत घरात कापड रंगवायचं आणि छापायचं काम चाले. त्या घरात कुठलीही गोष्ट पुरी मोजून थांबायची पद्धत नव्हती. वीस पंचे रंगात बुडवायचे असतील तर वर एक चिंधी जायचीच. लाडू पन्नास नाही, एकावन्न. पाहुण्याला पोळ्या वाढताना दोन म्हटलं तर तीन. आजोबा गेले, रंगाची भांडी भंगारात गेली, पण वरचा एक राहिला. माझी आई डाळ भिजत घालताना वाट्या मोजून वर चिमूट टाकायची. मला याचा लहानपणापासून राग. मोजायचं तर नीट मोजा, नाहीतर मोजू नका. माझ्या स्वयंपाकघरात चाळीस म्हणजे चाळीस. शिवाय चाळीसचे निम्मे वीस, पाव दहा. मोजायला सोपे. हातमोज्याला शकुनाची काय गरज?

तर ‘टाके – ४०’.

तीन संध्याकाळी मी विणत होते. कुकर लावला की वीस मिनिटं, जेवण झालं की अर्धा तास. प्रत्येक ओळ संपली की कागदावर टिंब. एकही टाका गळला नाही. शाळेतल्या त्या त्रिकोणाचा डाग धुऊन निघाला असं मला वाटत होतं. एवढंच दिसत होतं की मोजा अरुंद होतोय.

“हे कुणासाठी, फूलवालीच्या नातीसाठी?” नवऱ्यानं विचारलं.

“ताणतं ते,” मी म्हणाले.

रविवारी सकाळी एक मोजा पूर्ण करून मी आत्याच्या हातात दिला. तिनं तो उलटा-पालटा केला. अंगठ्याचं नख आडवं ओढलं, मग उभं ओढलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

“दाणे कुठे गेले?”

“कसले दाणे?”

“अगं, ही दाण्याची वीण. साबुदाणा सांडल्यासारखी लागली पाहिजे बोटाला. हा तर पन्हाळी पत्रा आहे.”

मी चष्मा लावला. खरंच, माझ्या मोज्यावर दाणे नव्हते. वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा होत्या, स्वेटरच्या काठाला असतात तशा. म्हणूनच तो आवळून अरुंद झाला होता. मी यादी काढली आणि मोठ्यांदा वाचली. प्रत्येक ओळ एक सुलट, एक उलट. तसंच केलं होतं. टिंबंसुद्धा होती.

“टाके किती घातलेस?”

“चाळीस.”

“आणि वर एक?”

“तो नाही घातला.”

“का?”

“शकुनाचा म्हणून. घरच्यासारखा.”

आत्यानं मोजा मांडीवर ठेवला. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. श्रावणापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, आणि आता ती इतकी हसली की पदरानं डोळे पुसावे लागले.

“शकुनाचा कसला, शहाणे! तो बडबड्या पोरींचा टाका!”

मग तिनं सांगितलं. शाळेत तिच्या वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुली असत. त्यातल्या निम्म्या हातातल्या विणीकडे न बघता शेजारणीशी गप्पा मारत विणायच्या. ज्या बघत होत्या त्यांना कितीही टाके दिले तरी दाणे जमायचे, कारण आधीच्या ओळीत काय आहे ते त्यांना दिसायचं. ज्या बघत नव्हत्या त्यांच्या ओळी चुकायच्या. म्हणून आत्यानं टाक्यांची संख्या विषम करून टाकली. वर एक. मग डोळे मिटून प्रत्येक ओळ सुलटनं सुरू केली तरी दाणे आपोआप पडतात.

“घरच्या ‘वर एक’चा याच्याशी काही संबंध नाही?” मी विचारलं.

“नोडु, हे बघ, तुझे आजोबा रंगात हात घालून बसायचे. त्यांनी कधी सुई धरली नाही.”

मला पटेना. मी चौकटीचा कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. सुलटला मोकळी चौकट, उलटला फुली. कापड फिरवलं की समोरचं सुलट मागून उलट दिसतं, हे धरून एक ओळ मांडली, फिरवली, दुसरी मांडली. चाळीस टाक्यांची ओळ सुलटनं सुरू होते आणि उलटनं संपते. फिरवून पुन्हा सुलटनं सुरुवात केली की सुलटवर सुलट येतं, उलटवर उलट. उभ्या रेघा. एकेचाळीसची ओळ सुलटनंच सुरू होते आणि सुलटनंच संपते. फिरवून सुरुवात केली की प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या विरुद्ध पडतो. कागदावर बुद्धिबळाचा पट तयार झाला.

मी त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसले. एका टाक्यानं अख्खं कापड बदलत होतं. बोट न लावता, नियम न बदलता, केवळ काठावर एक जास्त असल्यामुळे. आणि हे एका शिवणाच्या बाईंनी गप्पा मारणाऱ्या मुली ओरडून सुधारणार नाहीत म्हणून शोधून काढलं होतं. ऑफिसात मी वीस वर्षं लोकांना सूचना देते आहे. न वाचणाऱ्या माणसाकडूनही बरोबर होईल अशी एकही सूचना मला कधी लिहिता आलेली नाही.

मी लाल पेन घेऊन चाळीस खोडले.

टेबलावरून उठले तेव्हा आत्यानं माझा मोजा उसवून टाकला होता. लोकर गुंड्यावर गुंडाळून झाली होती. तिनं पिशवीची नाडी सोडली होती आणि ती सुईवर टाके घालत होती, पुटपुटत मोजत. मला दाखवण्यासाठी. “तुला सांगून कळत नाही ना, हे बघ,” असं काहीतरी ती म्हणत होती. चाळीस. वर एक. मग पहिली ओळ. मग फिरवून दुसरी.

तिसऱ्या ओळीत तिच्या बोलण्यात खंड पडला. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक प्रत्येक टाक्याखाली क्षणभर टेकत होतं आणि मग उजवी सुई आत जात होती. टेकलं, गेली. टेकलं, गेली.

“काय करतेस?” मी विचारलं.

“दाणा लागला की सुलट. गुळगुळीत लागला की उलट.” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “आधीच्या ओळीनं सांगून ठेवलेलं असतं गं. मी आजवर कधी विचारलंच नाही तिला. डोळे होते ना.”

मी उभीच राहिले. कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या होत्या, पाच झाल्या. श्रावणात तिनं टाकून दिलेली वीण डोळ्यांची होती, वेण्यांची, मोजदादीची. ही वीण बोटांची होती. तिच्या हातून ती वर्षानुवर्षं जात होती आणि दोघींपैकी कुणालाही हे माहीत नव्हतं. डाळीचा त्या दिवशी लगदा झाला. सगळ्यांनी निमूट खाल्ला.

दोन इंच झाल्यावर आत्यानं विचारलं, “रंग कोणता?”

“ग्रे.”

“कसला ग्रे? चुलीतल्या राखेचा? पारव्याच्या पाठीचा?”

“दुकानदार ग्रे म्हणाला. मळत नाही.”

“रंगाऱ्याची नात आणि म्हणे ग्रे. ती बाई फुलांत बसते. जा, दुसरी आण.”

“आता? बारा दिवस राहिलेत.”

“मग उभी काय राहिलीस?”

लोकरीच्या दुकानात मी फोन कानाला लावून उभी होते आणि आत्या घरून रंग निवडत होती. तांबडी म्हणाले तर तिनं विचारलं, कुंकवाची की विटेची? मी म्हणाले, डाळिंबासारखी. दाण्यासारखी की सालीसारखी? मी गुंडा दारापाशी उजेडात नेऊन पाहिला. सालीसारखी, पण जरा पिकलेल्या. दुकानदार माझ्याकडे बघत होता. मी जन्मात कधी एखाद्या रंगाकडे इतका वेळ पाहिलेलं नव्हतं. शेवटी आत्या म्हणाली, “ही मंजिष्ठेच्या मुळांच्या रंगाची. आमच्याकडे हंड्यातून अशीच निघायची. आण.”

घरी आल्यावर तिनं करडे दोन इंच उसवले आणि तांबड्या लोकरीचे टाके घातले.

पहिला मोजा पाच दिवसांत झाला. दुसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर आत्याचा चेहरा श्रावणातल्यासारखा होता. टाका निसटला होता. ती हलत नव्हती, कारण हललं तर तो खाली पळाला असता. मी चप्पलसुद्धा न काढता हात पुढे केला. मला तो दिसत होता, तिसऱ्या बोटाच्या शेजारी, एक छोटा उघडा फास. दोन सेकंदांचं काम.

“हात काढ,” आत्या म्हणाली.

“अगं, मला दिसतोय.”

“तुला दिसून काय उपयोग? उद्या तू ऑफिसात असशील. सुम्ने बस.”

मी मुकाट्यानं बसले. भिंतीवरचं घड्याळ समोर होतं म्हणून सांगते, तिला बावीस मिनिटं लागली. नखानं एकेक टाका चाचपत ती त्या फासापर्यंत आली, पुढे गेली, परत आली. एकदा सुई भलत्याच धाग्यात घातली आणि काढली. ओठ घट्ट मिटलेले. मग बोटाचं टोक त्या फासावर थांबलं आणि तिथंच राहिलं. दुसऱ्या हातानं तिनं सुई हळूच आणली, अगदी झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तशी, आणि टाका वर घेतला. मग सगळे टाके मोजले. एकेचाळीस. पुन्हा मोजले. एकेचाळीस. तिसऱ्यांदा मोजायला लागली तेव्हा मी म्हणाले, “झाले गं.”

“मला खात्री करू दे,” ती म्हणाली. “आता कॉफी कर.”

मी तेव्हा कुठे चप्पल काढली आणि कॉफी टाकली.

धनुर्मासाच्या आदल्या दिवशी मी शिवणाच्या सुईत लोकर ओवून दिली आणि आत्यानं कडा शिवल्या. अंगठ्याची जागा तिनं स्वतःचा अंगठा घालून मोजली. दोन्ही मोजे माझ्या हातात देऊन ती म्हणाली, “दुसऱ्यात एक चूक आहे. अंगठ्याच्या खाली, दोन बोटं अंतरावर, दोन सुलट शेजारी-शेजारी आलेत. त्या टाक्याच्या गडबडीत झालं. माहीत आहे मला. राहू दे.”

मी चष्मा लावून खिडकीशी गेले. शोधलं. सगळीकडे सारखेच दाणे, तांबडे, बारीक, दाट. मला सापडेना. दिवा लावला, नवऱ्याचं भिंग आणलं. मग सापडलं. अंगठ्याच्या खाली, दोन बोटं अंतरावर. हजारो टाक्यांतला एक. डोळे असूनही मला तो दिवा आणि भिंग घेऊन मिळाला होता, आणि तिनं तो अंधारात, जाता जाता, बोटाखालून जाऊ दिला होता आणि लक्षात ठेवला होता.

त्या दुपारी मी दार लावून, डोळे मिटून, करड्या लोकरीचे टाके हातात घेतले. चार टाके नीट गेले. पाचव्याला दाणा की गुळगुळीत ते कळेना. माझी बोटं कीबोर्डवर आयुष्य काढूनही काही वाचायला शिकलेली नव्हती. मी डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्ही दोघी शाली घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. आत्यानं माझा दंड धरला होता. धुकं होतं, देवळातून प्रसादाच्या मूग-तांदळाच्या हुग्गीचा वास येत होता, आणि बसथांब्याच्या दिव्याखाली फूलवाली पोत्यावर बसून बोटांवर फुंकर घालत होती.

आत्यानं स्वतःच मोजे पुढे केले. “तगोळम्मा,” घे बाई.

फूलवालीनं आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कुणी विणले?” तिनं कन्नडमध्ये विचारलं.

“मी,” आत्या म्हणाली. “दुसरं कोण? हिनं विणले असते तर तुझ्या नातीला झाले असते.”

फूलवालीनं फाटका जोड काढून नवा घातला. मूठ मिटली, उघडली. मग शेवंती उचलली आणि गुंफायला लागली. तेवढ्यात देवळाकडे जाणाऱ्या दोघी-तिघी थांबल्या. फूलवाली त्यांच्याशी बोलत होती, भाव सांगत होती, मान वर करून कुणाला तरी हाक मारत होती, आणि खाली तिची बोटं फूल, दोरा, फास, गाठ, फूल, दोरा, फास, गाठ करत चालली होती. तिनं एकदाही हातांकडे पाहिलं नाही. मी वीस वर्षं त्या कोपऱ्यावरून जाते आहे. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आत्या मान तिरकी करून ऐकत होती. “बोटं मोकळी आहेत ना?”

“आहेत, अज्जी.”

“अंगठ्याखाली एक चूक आहे.”

फूलवालीनं अंगठ्याखाली बोट फिरवलं. भिंग नाही, दिवा जेमतेम. बोट एका जागी थांबलं. “इल्लि,” ती म्हणाली. इथे.

“तिथंच,” आत्या म्हणाली, आणि दोघी हसल्या. मी मध्ये उभी होते, दोन डोळे आणि चष्मा घेऊन.

फूलवालीनं आत्याचा हात धरून तिच्याच कोपरापासून मधल्या बोटापर्यंत अबोली मोजली, दोरा दातांनी तोडला आणि तिच्या केसात माळली. मग हळूच म्हणाली की पलीकडे तुळशी विकायला बसते त्या म्हातारीचीही बोटं पहाटे वळत नाहीत. तिच्यासाठीही एक जोड होईल का, पण अज्जीला त्रास होत असेल तर राहू दे.

आत्यानं केसातली अबोली चाचपली. माझा दंड धरून ती वळली आणि आम्ही घराकडे निघालो. दुसऱ्या क्रॉसपाशी तिनं विचारलं, “ती करडी लोकर फेकलीस का?”

“नाही. कपाटात आहे. खालच्या खणात, डाव्या बाजूला.”

“तुळशीवालीला करडा चालेल,” आत्या म्हणाली. “चल लवकर. धनुर्मासाचे तीसच दिवस असतात.”

ती माझ्यापेक्षा भराभर चालत होती. मला पाय उचलावे लागले.